फाडलेले पान आणि गोष्टीतला बाबू

मी, दिवाकर वामन पांढरीपांडे, वय ७४, राहणार ब्राह्मणपारा, रायपूर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे आणि कोणाची बळजबरी नाही. मनाबद्दल तसे लिहिता येत नाही. हा तिसरा खर्डा आहे.

१. राहते घर मुलगा स्वानंद याला. पुस्तके त्याला नाहीत. वाच म्हटले की "पापा, टाइम कहाँ है" म्हणतो.

२. सर्व पुस्तके कु. रीना लहानू गजभिये हिला. तिचे वडील सिलतऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होते, मी तिथेच कामगार-सुरक्षा विभागात बाबू, म्हणजे कारकून. लहानू माझ्याकडून कादंबऱ्या नेई. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच राही आणि हा वाचत बसे. एकदा म्हणाला, "बाबू, हा माणूस असा वागणारच नाही. लेखक खोटं बोलून राहिला." मी ते प्रकरण पुन्हा वाचले. त्याचे बरोबर होते.

३. कारखान्यातला वरचा कठडा हलतो, अशी तक्रार लहानूने आमच्या विभागाच्या तक्रारवहीत लिहिली होती. नऊ दिवसांनी तो तिथूनच पडून वारला. साहेबांच्या सांगण्यावरून मी ते पान फाडले आणि अहवालात लिहिले की त्याने सुरक्षा-पट्टा बांधला नव्हता. पान जाळायचे होते, जाळवले नाही.

पुढे यावर मी कथा लिहिली, ती एका दिवाळी अंकात आली. कठडा, वही, साहेब, सगळे खरे. फक्त कथेतला बाबू पान फाडत नाही. ते लिहिताना मला फार बरे वाटले, हेही नोंदवतो.

लहानूची पत्नी अंजनाबाई अंक घेऊन घरी आल्या. रीनाने त्यांना वाचून दाखवला होता. "तो बाबू तुम्हीच ना, भाऊ?" मी म्हटले, गोष्ट आहे ती. त्यांना तो माझा विनय वाटला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

४. सदर पान माझ्या पश्चात अंजनाबाईंना द्यावे. हे कलम रद्द. पश्चात कशाला? आज सकाळी पान देऊन आलो, सोबत अहवाल खोटा असल्याचे सहीनिशी निवेदन. रीना ते वकिलाकडे नेणार आहे. अंजनाबाई नवऱ्याच्या अक्षरावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "लहानूच्या स्मृतिदिनाले त्या बाबूले जेवाले बोलवाचं ठरवलं होतं मी."

पुस्तके घेशील का, हे रीनाला विचारण्याचे धाडस झाले नाही. कलम २ कायम. नकोशी वाटल्यास तिची मर्जी.

सही: दिवाकर वामन पांढरीपांडे
साक्षीदार: निरंजन साठवणे, ज्ञानदा घाटे (दोघे शेजारी, दोघांनी सर्व वाचून सही केली)
रायपूर, ११ फेब्रुवारी २०२५