दिवा टिकला

प्रिय आई,

आधी पाया पडते, मग बातमी सांगते: प्रॅक्टिकल पास झाले!

फ्लिप-फ्लॉप नावाच्या सर्किटमध्ये एक बटण दाबलं की दिवा लागतो, आणि दुसरं दाबेपर्यंत लागलेलाच राहतो. माझा मात्र सर जवळ आले की विझायचा. अगदी रडकुंडीला आले होते. शेवटी कळलं, दिवा विझवणारी पिन मी कुठे जोडलीच नव्हती. नुसता हात जवळ नेला तरी ती बिथरायची. एक वायर लावली आणि दिवा टिकला.

जेवते वेळेवर. बाबांचा गुडघा कसा आहे?

मागच्या पत्रात ‘सगळं सोडून परत येते’ असं लिहिलं होतं. तूही फ्लिप-फ्लॉपच, शेवटचं ऐकलेलं धरून बसतेस. म्हणून हे दुसरं बटण दाबते: येत नाही. माझ्या कॉटवरचे डबे काढले असशील, तर परत ठेव.

तुझी धाकटी