वार कोणाकडची?

वलगाव
३ सप्टेंबर २०२४

विहीणबाई बेबीताई यांस मैनाबाईचा नमस्कार वि. वि.

साधनानं आपल्या दोघींच्याही फोनवर बंदी घातली म्हणून हा कागद. दिवसाचे चौदा फोन येतात, माझं बीपी वाढते, भांडायचं ते लिहून भांडा, असं म्हणाली. पोट्टी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तिच्यासमोर आमी काय बोलाव!

तर मी लिहून भांडून राहिली. सोनोग्राफीत निघालं का तीस हप्त्याचं लेकरू सत्तावीस हप्त्याएवढंच हाये. तुमी माह्या पोरीले खाऊ काय घालता? कुलदीपराव म्हने सकाळी पोहे अन् दुपारी वरणभात. इथं वावरात मेथी-पालक लोकाइले वाटून राहिलो, अन् आमची लेक चिमणीवानी खाते. सातव्यातच तिले घेऊन येतो म्हटलं होतं, तर तुमी म्हनल्या चांगला दवाखाना अकोल्यातच हाये. आता?

बसच्या डायव्हरजवळ भाजीची थैली अन् तूप पाठवलं. तूप सगळं तिलेच द्या.

राग आला तर येऊ द्या, माया तुटू देऊ नका.

तुमची विहीण,
मैनाबाई

अकोला
९ सप्टेंबर २०२४

विहीणबाई मैनाबाई यांना बेबीताईचा सप्रेम नमस्कार वि. वि.

थैली पोचली. पालकाचा बसमध्येच काढा झाला होता. तूप मात्र चांगलं होतं.

मी तीस वर्षं अंगणवाडीत काढली. अख्ख्या वस्तीची लेकरं वजनकाट्याच्या झोळीत टाकली, त्यांच्या आयांना रागावली. अन् आता माझ्याच घरचं लेकरू कमी वजनाचं, हे मले गोड वाटून राहिलं का? साधनाच्या ताटात अंडं, दूध, शेंगदाण्याचा लाडू, सगळं असते. तिचं स्वतःचं वजन बरोबर वाढून राहिलं. म्हणजे खाल्लेलं कुठंतरी पोचते, लेकरापर्यंतच पोचत नाही.

राग मानू नका, पण तुमच्याकडची हाडंच बारीक. लग्नाच्या फोटोत व्याही चंद्रभानभाऊ हारामागं सापडत नाहीत. आमचा कुलदीप पावणेचार किलोचा होता, सुईण घामाघूम झाली होती. डॉक्टरीणबाईनं पुन्हा तपासलं. म्हणाल्या, लेकराला पोसणाऱ्या वारेत रक्त कमी जाऊन राहिलं, वारच कमजोर आहे. आमच्या घराण्यात असं कोणाचंच झालं नाही. तुमच्याकडं जरा विचारून पहा.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला. हाडांचं मात्र मागं घेत नाही.

आपली,
बेबीताई

अकोला
१४ सप्टेंबर २०२४

ती. वलगावची आई व ती. अकोल्याची आई यांना साधनाचा सा. न. वि. वि.

एक प्रत पोस्टानं जाईल, दुसरी कुलदीप स्वयंपाकघरात नेऊन देईल. मला पलंगावरून उठायची मनाई आहे, भांडण ऐकायची नाही, म्हणून तुमची दोन्ही पत्रं मी वाचली, अकोल्याचं कुलदीपनं पोस्टात टाकण्याआधी.

वार कोणाकडची हे आधी मिटवू. ती माझी नाहीच, बाळाची आहे. बाळ पोटात रुजताना स्वतःच ती घडवतं. म्हणून तिच्यात अर्धा वाटा वलगावचा, अर्धा अकोल्याचा.

आणि ती नुसती गाळणी नाही. ती संप्रेरकं तयार करून माझ्या रक्तात सोडते. त्यांचा निरोप असा, की रक्तातली सगळी साखर तूच वापरू नकोस, बाळासाठी राहू दे. पण निरोप नुसता धाडून भागत नाही, घेणाराही लागतो. पेशींवर त्यासाठी ग्राहक, म्हणजे निरोप ओळखून पकडणारी प्रथिनं, असतात. प्रत्येक जण आपापल्या संप्रेरकाचाच निरोप घेतो, दुसऱ्याचा नाही. निरोप कमी गेला किंवा ग्राहक कमी पडले, की बाळाच्या वाट्याला कमी येतं. माझी वार लहान राहिली, रक्तही तिच्यात कमी जातं, म्हणून निरोपही कमी. तूप कुठं जातं ते माझ्या कंबरेला विचारा.

गंमत म्हणजे वारेतली काही जनुकं बापाकडून आली तरच काम करतात, काही आईकडून आली तरच. साधारणपणे बापाकडची म्हणतात, अजून आणा. आईकडची म्हणतात, पुरे. म्हणजे माझ्या पोटातही वरपक्षाचं मागणं सुरूच आहे.

वार मोठी करायचं औषध नाही. आठवड्यातून दोनदा तपासायचं आणि बाळाला बाहेर काढायची वेळ अचूक साधायची, एवढंच हाती आहे. मी हे दहा वर्षं फळ्यावर शिकवलं. आता बाळाची हालचाल बोटांवर मोजते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते. तुम्ही भांडत असलात, की माझा आकडा चुकतो.

दोघींची लेक,
साधना

वलगाव
२० सप्टेंबर २०२४

बेबीताई यांस मैनाबाईचा नमस्कार वि. वि.

पोरीचा कागद आमी दोनदा वाचला. हे म्हने, वरपक्षाचं तिनं बराबर लिवलं. मी त्याइले गप केलं.

खरं सांगतो, मी रागानं नाई, भेवानं लिवलं होतं. साधनाच्या आधी माहं एक लेकरू सातव्यातच पोटात गेलं. सासू म्हने, तू उपास केले म्हणून गेलं. पस्तीस वर्सं मी तेच खरं धरून चालली. आता पोरीच्या कागदानं पहिल्यांदा वाटलं, त्याच्यात वारेचंही काही असन, सगळं माह्या उपासाचंच नसन. अन् जे मले बोललं होतं तेच मी तुमाले बोलली. तुमी पोरीले उपाशी ठेवता असंच तं लिवलं मी.

पाया पडत नाई, तुमी वयानं लहान हाये. पन चुकलं.

सोमवारच्या गाडीनं येऊन राहिली. तिले एकटीले मोजत बसू देऊ नका. माहं अंथरूण तिच्याच खोलीत टाका.

तुमच्या दारात उभी राहणारी,
मैनाबाई

अकोला
१९ ऑक्टोबर २०२४

व्याही चंद्रभानभाऊ यांना बेबीताईचा नमस्कार वि. वि.

दोन तारखेला नात झाली, एक किलो सहाशेची, हे तुम्ही बघून गेलेच. तपासणीत रक्त आणखी कमी दिसलं तेव्हा डॉक्टरीणबाईनं एक दिवसही जास्त थांबू दिलं नाही. फुप्फुसाची इंजेक्शनं आधीच दिली होती, म्हणून पोरगी स्वतःच्या दमावर रडली.

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशन झाल्यावर सिस्टर ट्रेमध्ये वार घेऊन चालली होती. आम्ही दोघींनी दाखवा म्हटलं. भाकरीपेक्षा लहान, एका कडेला पांढुरकी, घट्ट झालेली. मैनाबाईनं तिले हात जोडले. म्हणाल्या, बाई, एवढ्याशा अंगानं तू तिले इथवर आनलं, अन् आमी तुलेच नावं ठेवत होतो. तीस वर्षं भाषणं ठोकणारी मी, पण मीही हात जोडले.

आता नातीला ऊब मिळावी म्हणून उघड्या छातीशी धरून बसायचं काम आहे. साधनाचे टाके दुखतात तेव्हा आम्ही दोघी धरतो. पहिल्या दिवशी पाळीवरून एवढा वाद झाला की सिस्टरनं भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. मैनाबाई आपल्या पाळीत घड्याळाकडं पाहतच नाहीत.

आज वजन एक किलो आठशे पन्नास भरलं. ते ऐकून आम्ही इतक्या मोठ्यानं हसलो की सिस्टरनं दोघींना बाहेर हाकललं. हे पत्र बाहेरच्या बाकावर बसून लिहून राहिली. शेजारी तुमची घरधनीण आहे. दिवाळीच्या आत येते असं लिहा, म्हणते. मी तसं लिहिणार नाही. त्यांच्या चार साड्या पाठवून द्या अन् भाजी तुम्हीच तोडा.

आत पोरगी रडून राहिली. पाळी माझी आहे, पण मैनाबाई उठून गेल्यासुद्धा! सही राहू द्या, मी निघाली.