पौर्णिमेपुरता समुद्र

२ जानेवारी १९९०, मंगळवार. दुर्गाघाट, काशी

परवानगी मिळाली. अर्धी.

संध्या आटोपून अण्णा ओट्यावर बसले होते, तेव्हा कॅम्पचा कागद पुढे ठेवला. ओरिसाचा किनारा, पुरीच्या पुढे, पाच दिवस तंबूत. बी.एड. कॉलेजच्या बारा मुली, सोबत मॅडम. अण्णांनी कागद पूर्ण वाचला, मागची कोरी बाजूही पाहिली. म्हणाले, "समुद्राला पर्वाशिवाय शिवायचं नाही. शिकवलंय तुला."

शिकवलंय. सहावीपर्यंत शाळा माहीतच नव्हती, अण्णांसमोर पाट टाकून बसायचं. पिंपळ आणि समुद्र यांना नमस्कार करायचा, हात लावायचा नाही. पिंपळाला फक्त शनिवारी, समुद्राला फक्त अमावास्या-पौर्णिमेला. सात समुद्रांची नावं पाचव्या वर्षापासून पाठ आहेत. पाहिलेला एकही नाही.

मी आधीच बघून ठेवलं होतं. ११ तारखेला पौर्णिमा, कॅम्पच्या चौथ्या दिवशी. सांगितलं. अण्णांनी मान हलवली. "मग पौर्णिमेला स्नान कर. एरवी लांबून."

आई आतून म्हणाली, आत्ताच जाऊन ये. बी.एड. संपलं की नोकरी, नोकरी लागली की... तिचं वाक्य नेहमी इथेच थांबतं.

५ जाने., शुक्रवार

सामान. होल्डॉल आईच्या लग्नातला, पट्टा तुटका. वर्गातली चंदा येऊन हसून गेली. म्हणे यात तू बसशील की गादी.

पंचांगातून गुरुवारची ओळ उतरवून घेतली. आमच्याकडचं पंचांग अजून घटीपळांत. पौर्णिमा ९ घटी १२ पळे. म्हणजे सूर्योदयापासून तीन तास एक्केचाळीस मिनिटं, मग प्रतिपदा. सूर्योदयाला असलेली तिथी स्नानाला दिवसभर चालते, हे मलाही माहीत आहे. पण इथे प्रश्न स्नानाचा नाही, निषेधाचा आहे. निषेध तिथी आहे तोवरच उठणार. मग जे कडक तेच धरलेलं बरं.

अण्णांना विचारलं नाही. विचारलं की ते ग्रंथ काढतात, आणि ग्रंथ बाहेर आला की परवानगी आत जाते.

७ जाने., रविवार. गाडीत

धुकं. काल दुपारची गाडी संध्याकाळी सुटली आणि आता कुठल्याशा शेतात उभी आहे. अकरा तास लेट, निदान आत्तापर्यंत. पोळ्या संपल्या. मॅडमना ताप. चंदा डब्यातल्या सगळ्यांना सांगते आहे की आमची पंडिताइन समुद्राला अपॉइंटमेंट घेऊन भेटणार आहे. एका म्हाताऱ्या बंगाली बाईंनी मला हात जोडले. चेष्टेने की खरंच, कळलं नाही.

८ जाने., सोमवार. कॅम्प

पोचलो. सुरूची झाडं, वाळू, नऊ तंबू. आमच्या तंबूला एका बाजूचा खुंटाच नाही, तिथे दगड. हातपंपाचं पाणी मचूळ. संडास म्हणजे चार बांबू आणि गोणपाट, तेही वाऱ्याने उडतं, म्हणून एकीने आत जायचं, दुसरीने धरून उभं राहायचं. भातात वाळू. एकाच डावाने मासे आणि डाळ वाढतात, म्हणून मी भात-मीठ खाल्लं. कुणाला काही बोलले नाही. चंदाने बोलून टाकलं. आता सगळ्यांना माहीत.

समुद्र दोनशे पावलांवर. झाडांमुळे दिसत नाही, नुसता आवाज. कुणी पत्र्याच्या छपरावर सतत पोती आपटतंय असा.

कॅम्पप्रमुख फौजेतून निवृत्त, सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणतात. आल्या आल्या एका वहीत सह्या घेतल्या: किनाऱ्यावर बांधलेल्या दोरीच्या पुढे परवानगीशिवाय जाणार नाही. बाकीच्यांनी न वाचता सही केली. मी दोनदा वाचून केली.

९ जाने., मंगळवार

लाल झेंडा, म्हणजे पाण्यात बंदी. वारा. दोरीपर्यंत जाऊन पाहिला.

काय लिहू. गंगेला पलीकडचा काठ आहे. पलीकडे रेती, झाडं, मधूनच एखादं कुत्रं. इथे पलीकडे काही नाही आणि तरी तिकडून सारखं काहीतरी येतंय. लाटा माणसाहून उंच. उठतात, पुढून पोकळ होतात, कोसळतात.

हात जोडले. लांबून.

एक गोरा लाकडी फळीवर उभा राहून लाटेवरून घसरत येतो, पडतो, परत आत जातो. बनारसच्या मुलींना गोऱ्यांचं काय कौतुक, पण याला पाहत सगळ्या तासभर बसल्या. त्याला ना दोरी, ना झेंडा, ना सही. मी म्हटलं, याला कुणी अडवत कसं नाही. चंदा म्हणाली, "उसका पंचांग अलग है."

१० जाने., बुधवार

पुन्हा लाल झेंडा. दिवसभर गाठी मारायला शिकवलं. सहा प्रकारच्या. मी सहाही बरोबर मारल्या, याचा राग आला.

सकाळी घड्याळ हातात घेऊन सूर्योदय पाहिला. पाण्यातून वर आला, ६.२५. उद्याही तेवढाच धरायचा. त्यात ३.४१ मिळवले की १०.०६. कागदावर लिहून दोनदा अधोरेखित केलं.

संध्याकाळी कॅप्टनसाहेबांनी सांगितलं, उद्या झेंडा उतरणार. मात्र नुलिया आल्याशिवाय कुणीही पाण्यात नाही. नुलिया म्हणजे इथले कोळी, टोकदार टोप्या घालतात, बुडणाऱ्यांना ओढून काढतात. ते जाळी आवरून येतात. किती वाजता? "दस बजे. दस के आसपास."

दहाच्या आसपास. म्हणजे माझ्याकडे सहा मिनिटं.

११ जाने., गुरुवार. सकाळी साडेनऊ

सहापासून तयार. सुती साडी, वर शाल. बरोबर कोरडे कपडे, तांब्या, कुंकू. संकल्प पाठ आहे.

आत्ताच कॅप्टनसाहेबांकडे जाऊन आले. म्हटलं, आत जात नाही, काठाशी उभी राहते, पायाला पाणी लागलं की परत येते. दोन मिनिटं. कारणही सांगितलं. ते हसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, काठावरूनच ओढली जातात माणसं, दोघांना मी स्वतः पाहिलंय. मग म्हणाले, "बेटी, तुम तो नियमवाली हो. तुम समझोगी."

दुसरी कुणी असती तर भांडली असती.

चंदाचं म्हणणं, झाडांच्या मागून जा, मी कॅप्टनला बोलण्यात गुंतवते. सही केली आहे म्हटलं. ती म्हणाली, सही मीही केली आहे. मी म्हटलं, तू वाचली नव्हतीस.

त्याच दिवशी, दुपारी

९.५० दोरीजवळ.
१०.०० नुलिया नाहीत.
१०.०४ किनाऱ्यावर लांब तीन टोप्या दिसल्या. चालत होते. धावायचं त्यांना काय कारण.
१०.०६
१०.१२ शिट्टी.

सगळ्या हात धरून ओरडत गेल्या. चंदा ओली होऊन परत आली, माझं मनगट धरलं. म्हणाली, "छह मिनट, वसू. समुंदर को क्या मालूम?"

समुद्राला माहीत नसेल, मला आहे, असं म्हटलं. ते खरं होतं. पण ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला आवडला नाही. तिलाही नाही. मनगट सोडून गेली.

मी दोन तास काठाला उभी. लाट सरकत आली की मागे व्हायचं, ओसरली की पुढे. चपला हातात. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, ही खेळते आहे. मॅडम तापातून उठून आल्या आणि गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हसत होत्या. एकदा तुषार उडून ओठावर आला. खारट. तो स्पर्श की नाही? पुसला. मग वाटलं, का पुसला.

तीन वाजता पुन्हा लाल झेंडा.

१२ जाने., शुक्रवार

झेंडा तसाच. आवराआवर. दोन दिवस वाया गेले म्हणून मुलींनी तक्रार केली, तर कॅप्टनसाहेब म्हणाले, फेब्रुवारीच्या तुकड्यांत जागा आहेत, ही तुकडी पुन्हा येऊ शकते. माझ्या होल्डॉलमध्ये बाकीच्यांइतकीच वाळू. कुठून आली कोण जाणे. चंदा दोन शब्दांपलीकडे बोलत नाही.

१४ जाने., रविवार. घरी

संक्रांत. गाडी वेळेवर आली. आता काय उपयोग.

आईने आधी तिळगूळ हातावर ठेवला, मग विचारलं, झालं का स्नान. नाही म्हटलं. सगळं सांगितलं, नुलिया, सही, सहा मिनिटं. मनात कुठेतरी होतं की अण्णा शाबास म्हणतील. हेही लिहून टाकते, कारण तेच खरं आहे.

अण्णांनी कागद मागितला. वाचला. विचारलं, "हा सहा पंचवीस सूर्योदय कुठला?"

"तिथला. मी स्वतः पाहिला. घड्याळ लावून."

"आणि पंचांग कुठलं?"

पंचांग काशीचं. त्यातल्या घटी काशीच्या सूर्योदयापासून मोजायच्या. त्या दिवशी काशीला ६.४६. पौर्णिमा होती १०.२७ पर्यंत.

शिट्टी झाली तेव्हा पंधरा मिनिटं शिल्लक होती. चंदाने मनगट धरलं तेव्हाही पौर्णिमाच होती. मी पौर्णिमेतच उभी होते आणि मागे मागे होत होते.

अण्णांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, "चूक माझी. सूर्योदयापासून मोजायचं एवढंच सांगितलं. कुठल्या, ते सांगायचं सुचलं नाही. मी कधी दुसरा मोजलाच नाही."

आई तिळाचा पाक ढवळत होती. मागे न बघता म्हणाली, "उजाडताना पौर्णिमा होती ना? मग दिवसभर होती. त्या दिवशी आपल्या पंचगंगा घाटावर बायका संध्याकाळपर्यंत न्हात होत्या, त्यांतल्या कुणी घड्याळ नव्हतं आणलं." आणि मग, "इतकं मोजायला तुला सांगितलं कुणी?"

कुणीच नाही.

१६ जाने., मंगळवार

कॉलेज. सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले, नाकाची सालं निघालेली. माझंही. न भिजता.

चंदाला हिशेबाची चूक सांगितली. वाटलं होतं, हसेल. हसली नाही. म्हणाली, म्हणजे हिशेब बरोबर असता तर तू आली असतीस. हो म्हटलं. म्हणाली, मग मी बोलावलेलं कशातच नव्हतं.

दिवसभर चिडचिड. वर्गात फळ्यावर पाठाची तारीख चुकीची लिहिली, मुलींनी दाखवून दिली.

१९ जाने., शुक्रवार

फेब्रुवारीचे फॉर्म आले. ५ ते ९. १२ ते १६. २१ ते २५.

पहिल्या तुकडीत शेवटच्या दिवशी पौर्णिमा. तिसरीत शेवटच्या दिवशी अमावास्या. मधलीत काही नाही. आणि चंदाचे सरावपाठ असे लागलेत की ती जाणार तर मधल्याच तुकडीत. बाकी कुणीच जात नाही. चंदाशिवाय सोडणार नाही असं आईने कालच सांगून टाकलं. एकटीने जायचं म्हटलं तर माझीही हिंमत नाही.

म्हणजे समुद्र आहे तिथे पर्व नाही, पर्व आहे तिथे मला जाता येत नाही. पुन्हा तेच. कुणी मुद्दाम मांडून ठेवल्यासारखं.

अण्णांपुढे फॉर्म ठेवला, तीनही तारखा सांगितल्या. म्हटलं, तुम्ही सांगाल तसं. अण्णांनी चष्मा काढला. म्हणाले, "माझ्या नियमाने एकदा जाऊन आलीस. ह्या खेपेला तू ठरव."

मी म्हटलं, असं कसं. नियम आहे की नाही ते तर सांगा.

"नियम आहे. तुला पाठ आहे."

चिडले. अण्णांवर इतकी कधीच चिडले नव्हते. नाही म्हणाले असते तर रडून मोकळी झाले असते. हो म्हणाले असते तर त्यांच्या जिवावर गेले असते.

२२ जाने., सोमवार

चंदाने तिचा फॉर्म दिला. १२ ते १६. माझ्यासाठी शेजारची जागा लिहून ठेवली आहे म्हणाली, शुक्रवारपर्यंत. जास्त बोलली नाही, पण मधल्या सुट्टीत पेरू अर्धा करून दिला.

देवळात संकठामाईसमोर उभं राहून मनाला विचारलं. मन म्हणालं, अण्णांना विचार.

आईला विचारलं. ती म्हणाली, मी पाय सुद्धा बुडवला नसता, पण मी गेलेच नसते.

२४ जाने., बुधवार

आज फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, वय, प्रकृती, पोहता येतं का (नाही). सगळं सुवाच्य. तारखेचा रकाना राहिला. तो तसाच सोडून शाई आणायला म्हणून उठले, शाई भरपूर होती. खाली जाऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसून आले.

परत आले तर फॉर्म ओट्यावर, वर पाणी पडू नये म्हणून पंचांग ठेवलेलं. पालकाच्या जागी अण्णांची सही. तारखेचा रकाना रिकामाच होता, त्यांनी तरी केली.

विचारलं, वाचलंत का. म्हणाले, पूर्ण.