डबा बंद करू नये

मी, अनुपमा शिवप्रकाश हालगे, वय ६१, राहणार मानवत, जिल्हा परभणी, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो जोडण्याचे कारण असे की, यजमान गेल्यावर त्यांच्या गणाराधनेला, म्हणजे दिवसांच्या जेवणाला, भरल्या घरात पाहुण्यांसमोर मी मोठ्याने हसले, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यावर परिणाम झाला असे भावकीत बोलले जाते. तसे काही झालेले नाही. खुलासा कलम ४ मध्ये आहे.

१. राहते घर व बँकेतली ठेव माझी मुलगी शिवलीला हिला द्यावी. यजमानांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातली अवजारे त्यांनी हयातीतच माझे दीर सांबप्पा यांना दिली, त्याबद्दल काही म्हणणे नाही. लाल मुठीची पक्कड मात्र घरची आहे. ती परत यावी.

२. मधल्या खोलीत जो काळा डबा चालू असतो, त्याला यजमान सर्व्हर म्हणत. जुन्या कॉम्प्युटरला दोन डिस्क बसवून त्यांनी तो केला. आमच्या लग्नाची कॅसेट, शिवलीलाचे गॅदरिंग, सासूबाईंची जात्यावरची गाणी, सगळे त्यात आहे. बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी घरातल्या टीव्हीवर ते दिसते. हा डबाही शिवलीलाचा, पण अटींवर.

टीव्हीला डब्यापासून वायरच असावी. वायफायवर माणूस नाचता नाचता एक पाय वर करून थांबतो. राउटर उंच आणि उघड्यावर ठेवावा. यजमानांनी आधी तो चोरीच्या भीतीने लोखंडी कपाटात ठेवला होता, तेव्हा वायफाय फक्त कपाटातल्या साड्यांना मिळत होते. त्यावर रुमाल घालू नये, मी विणलेला असला तरी. राउटरमध्ये डब्याचा पत्ता कायमचा ठरवून दिलेला आहे, तो बदलू नये, नाहीतर टीव्ही त्याला शोधत बसतो. शिवलीला, तुला पुण्याहून पाहता यावे म्हणून राउटरचे दार साऱ्या जगाला उघडे टाकू नये; यजमानांनी तुला फोनमध्ये जी बंद वाट करून दिली आहे, तिनेच यावे. पासवर्ड तुला पाठ आहे. जावईबापूंना सांगायचा की नाही, हे तू ठरव.

३. शेजारीण झुंबरबाई यांच्या गच्चीवर आपली वायर गेली आहे. ती तशीच चालू ठेवावी. त्यांना वेगळे पाहुण्यांचे वायफाय दिले आहे, त्यातून आपले खाजगी फोटो दिसत नाहीत. मात्र नेटवर्कची वायर ही लुगडी वाळत घालण्याची दोरी नव्हे. ओल्या लुगड्याच्या वजनाने वायर दोनदा तुटली. आपण कधीच लुगडे घातले नाही, असे त्या म्हणतात. त्यांनी त्या वायरीवर पत्र्याची नळी बसवू द्यावी, मग मीही तसेच म्हणेन.

४. खुलासा. दसऱ्याला आम्ही अवजारांची पूजा करतो. गेल्या वर्षी यजमान म्हणाले, डबाही अवजारच आहे. डबा बंद करून पाटावर ठेवला आणि समोर फोन लावून शूटिंग सुरू केले. सांबप्पांनी डब्याला विभूतीचे तीन पट्टे ओढले, आणि हातातली उरलेली मूठभर विभूती भक्तिभावाने जाळीतून आत सोडली. यजमानांनी बटण दाबले. पंखा फिरला आणि सगळी विभूती आमच्या तोंडावर आली. कोणाला कोणी ओळखेना. सांबप्पा हात जोडून म्हणाले, "दादा, मशिनीच्या अंगात आलंय." यजमान शिंकत होते आणि हसत होते. मला हसून हसून उभे राहवेना. चाळीस वर्षांच्या संसारात मी पदर तोंडाला लावल्याशिवाय हसले नव्हते, म्हणून ते शिंकत शिंकतच म्हणाले, "आगं, तुला हसता येतंय की!" फोनमधले ते चित्रण त्यांनी डब्यात भरले. माझ्या हसण्याचे दुसरे चित्रण नाही. त्यांच्या इतक्या हसण्याचेही नाही.

यंदा वैशाखात ते गेले. आपल्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, पण सांबप्पांना डब्याचा आवाज सोसेना. "दादा गेलाय आन् ह्यो डबा कशाला घुमायलाय?" असे म्हणून त्यांनी चालू डब्याची पिन उपटली. मी रडल्यावर परत लावली, ती यूपीएस सोडून थेट भिंतीतल्या बोर्डाला. संध्याकाळी लाइट जोरात आली आणि दोन्ही डिस्क जळाल्या. म्हणून लिहून ठेवते: एका डब्यातल्या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत. मरायच्या त्या बरोबरच मरतात.

तिसरी प्रत यजमानांनी देवगाव फाट्याला माझा भाऊ वीरभद्र याच्याकडे ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी एसटीने गेले. त्याने ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली डिस्क काढली. म्हणाला, "आक्का, किडं लागू नये म्हणून पाला घातला." डिस्कला किडे लागले नव्हते.

नवीन डिस्क घालून मी सगळे परत भरले. शिवलीला फोनवरून सांगत होती, मी करत होते. गणाराधनेला स्वामींनी टीव्हीवर शरणांची वचने लावायला सांगितली. मी रिमोट दाबला, आणि सर्वांत शेवटी पाहिलेले दसऱ्याचे चित्रणच टीव्हीने आधी लावले. यजमान पांढरे होऊन शिंकले. ते शिल्लक होते. मी हसले. यात वेडेपणा कोठे आहे?

५. तिसरी प्रत यापुढेही वीरभद्रकडे राहील, पाल्यासकट. दर दसऱ्याला तिच्यातून एखादी फाइल परत काढून लावून पाहावी. न उघडलेली प्रत असून नसल्यासारखी. विभूती डब्याला बाहेरूनच लावावी, पंखा बंद ठेवून, बोटाने.

६. माझ्या गणाराधनेला पंगत बसण्याआधी दसऱ्याचे ते चित्रण टीव्हीवर पूर्ण आवाजात लावावे. पाहुण्यांनी हसावे. जो हसणार नाही त्यालाही जेवायला वाढावे.

सांबप्पांसाठी घेतलेला वेगळा यूपीएस मी त्यांना आजच हातात दिला, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवू नये असे वकील म्हणाले. सही करण्यापूर्वी सांबप्पांनी कलम ४ ला हरकत घेतली. मूठभर नव्हती, चिमूटभर होती, असे त्यांचे म्हणणे. म्हणून डॉक्टरांसमोर चित्रण लावून पाहिले. मूठभरच आहे. दुरुस्ती केलेली नाही.

साक्षीदार क्रमांक १ यांची सही वाकडी आली आहे, ती हसण्यामुळे. तेही पूर्ण शुद्धीत आहेत, हे मी लिहून देते.

ठिकाण : मानवत
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : अनुपमा शिवप्रकाश हालगे (सही)

साक्षीदार :
१. सांबप्पा हालगे (सही) पक्कड आणून दिली.
२. डॉ. रामप्रसाद होके (सही)