हिलाल यांच्या नावाचं होर्डिंग

सोमवार, ५ मे २०२५

वर शिडीवर हे, खाली मी. १९८४ असेल. भेस्तानच्या एका कारखान्याच्या भिंतीवर हे इंग्रजी पाटी रंगवत होते आणि मी एकेक अक्षर सांगत होते. मी कॉन्व्हेंटची ना!

'आता?'
'आर.'
'आता?'
'आता खाली या, भजी गार होतायत.'

त्यांच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास, भज्यांनाही. बाकी काहीच घडलं नाही त्या दुपारी.

आज आठवलं, कारण महापालिकेचं पाकीट आलं. अंगणाच्या कोपऱ्यात यांनीच उभं केलेलं होर्डिंग. दरवर्षी परवाना नवा करायचा, जाहिरात कर भरायचा. पत्र यांच्याच नावानं येतं — हिलाल बोरसे. हिलाल यांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मी कळवलंच नाही! बिलं सोडली तर त्यांना येणारं तेवढंच एक पत्र उरलंय. सहीही मीच करते, त्यांच्यासारखी. शाळेत दुसऱ्याच्या वहीत लिहिलं की सिस्टर आम्हाला बाकावर उभं करायच्या.

बुधवार, ७ मे

जाहिरात कर विभागातली मुलगी आली — पल्लवी. आईवडील जालन्याचे, ही इथेच वाढलेली, बोलणं अर्धं गुजराती. बोर्ड टेपनं मोजला, फोटो काढले. यंदा नवीनच — परवाना ज्याच्या नावावर, त्यानं सांगाडा भक्कम असल्याचा इंजिनिअरचा दाखला घेऊन तिच्यासमोर सही करायची.

'मासी, अंकलने बोलावो ने. बे मिनिटनुं काम छे.'
'बाहेरगावी गेलेत.'
'क्यारे आवशे? कधी येतील?'
'सांगून नाही गेले.'
ती हसली. 'सगळे अंकल असेच!'

ती गेल्यावर दार लावून घेतलं. काय बोलून बसले मी!

शुक्रवार, ९ मे

होर्डिंगच्या सावलीत सरलाबाई भजी तळतात. मूळच्या शिरपूरकडच्या. पाळी सुटली की यंत्रमागांवरचे लूमवाले त्यांच्याभोवती गोळा होतात, दहा-पंधरा जण तरी. आज मला हाक मारली.

'बाई, आठे हात लाव. देख, कसा पापुद्रा निंघी राह्यना!'

खांबाच्या पायाशी हात लावला. लोखंड बिस्किटासारखं सुटून तळव्यात आलं. चार बोल्टांपैकी दोनच धड.

'आते पावसाया येई,' त्या म्हणाल्या, आणि पुढचा घाणा सोडला.

शनिवार, १० मे

होर्डिंग भाड्यानं घेणाऱ्या जाहिरात एजन्सीचा भूपेंद्र आला. इंजिनिअरचा दाखला तयार! इंजिनिअर तर अंगणात फिरकलाही नाही.

'रंजनाकाकी, घाबरता काय? वरून रंग मारून देतो. पल्लवीला मी सांभाळतो.'
'आणि सही?'
'अकरा वर्षं अंकलच करतात ना? अजून एकदा करू द्या!'

मेल्याला सगळं ठाऊक होतं.

पल्लवीला खरं सांगितलं, तर परवाना रद्द. रस्त्याला इतकं लागून नवा आता मिळत नाही, म्हणजे होर्डिंग जाणार. गजेंद्रला फोन केला. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मिलमधून माझा लेक ओरडूनच बोलतो, मागे मशिनं असतात.

'आई, माझ्या गायत्रीच्या नर्सिंगचं अजून दीड वर्ष आहे! भाडं बंद झालं तर फी कुठून भरू?'
'आणि ते सरलाबाईंवर पडलं तर?'



सोमवार, १२ मे

दोनदा पेन उचललं. यांची सही आज जमेना.

मंगळवार, १३ मे

गेले. महापालिकेच्या झोन ऑफिसात पल्लवीच्या टेबलावर यांचा मृत्युदाखला ठेवला. तिनं तारीख वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

'मासी, तुम्ही तर म्हणालात बाहेरगावी…'
'हो, म्हणाले.'

तिनं उठून कूलरचं पाणी आणून दिलं. मग कोरा कागद पुढे सरकवला. 'आटलां वर्ष — अकरा वर्षं — सही कोण करत होतं, ते लिहावं लागेल. साहेब नोटीस काढतील. मी काही करू शकणार नाही.'

लिहिलं. खाली माझं नाव — रंजना हिलाल बोरसे. अक्षर किती परकं वाटलं!

बाहेर पडताना ती हळूच म्हणाली, 'पावसाआधी उतरवून घ्या हां.'

गुरुवार, १५ मे

गजेंद्र आला. भांडला, जेवला. मग टॉर्च घेऊन खांबाशी जाऊन आला. 'उतरवू,' एवढंच म्हणाला.

रविवार, १८ मे

उद्या सकाळी गॅस कटरवाला येतोय. ऐनवेळी गोंधळ नको, म्हणून लिहून ठेवते. वरचं फ्लेक्स सरलाबाईंकडे येणाऱ्या नवागामच्या धुडकूला, घराच्या पत्र्यावर टाकायला. दोनदा मागून गेलाय. लोखंडाचे येतील ते नातीच्या फीला. कमी पडतील तिथे माझ्या पाटल्या — मोडायच्या, गहाण ठेवायच्या नाहीत. कोपरा सरलाबाईंचा, तोंडी नाही, कागदावर. घर गजेंद्रच्या नावावर.

मृत्युदाखल्याच्या पाच प्रती काढल्यात. एक बँकेला. एक वीज कंपनीला. एक रेशनकार्डासाठी. एक घराच्या कागदांना.

एक माझ्याकडे राहू दे. हे गेल्याचं मला अजून कुणी कळवलेलं नाही.