माह्या पोरीची धुंड

होळीनंतर, १९६४

ढाणकीकडच्या किसनसिंगले,

तुह्या घरी नांदताना तुहं नाव कधी तोंडातून काढलं नाही. आता खुशाल घेऊन राह्यली, अन् माहा नवा घरधनी भावसिंग ते लिहून राह्यला.

वांझ म्हणून तू मले हाकललं. आमच्यात सालभरात झालेल्या पोराची होळीले धुंड करतात. मले पोरगी झाली, तरी मी तांड्याच्या नायकाशी भांडली, अन् सारा तांडा तिच्याभोवती काठ्या वाजवत नाचला.

माह्या मागून आणलेल्या सुखीबाईलेही तू वांझ म्हणूनच काढलं. आज ती उमरखेडच्या मोटारीनं माह्याकडं आली. माही पोर तिच्या कडेवर हाय.

"तिसरी आणाच्या पहिले सोताले डाकदराले दाखव," असं तुले लिहिणार होती. पण निघताना तुह्या साऱ्या तांड्यादेखत तिनंच तुले सांगून टाकलं म्हणे. मंग हे पत्र कायले धाडू?

पोरीची माय,
मोतीबाई