करंजाचं तेल आणि तुझं डावं मनगट

आये, आज करंजाचं तेल कोमट केलं. पायाला खाज सुटलीय आणि लावून द्यायला घरात दुसरं माणूस नाही. कडवट वास सगळीकडं पसरला, तशी शेजारीण दारातूनच विचारून गेली, काय जाळताय म्हणून. सांगलीत हा वास कुणाच्या ओळखीचा नाही. तू असतीस तर तिला आत बोलावून तिच्याच मानेवर नायटा-बियटा आहे का ते तपासलं असतंस.

माण तालुक्यातल्या आपल्या घरी रोज कुणी ना कुणी खाजवत यायचं. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या सालात रॉकेल मिळेना, तेव्हा लोक हेच तेल दिव्यात घालायचे. तू मात्र खरजेसाठी राखून ठेवायचीस. मेंढरांमागं फिरून आलेली माणसं, त्यांची पोरं, सगळी आपल्या ओट्यावर. आधी लिंबाच्या पाल्याच्या ऊन पाण्यानं धुवायचं, मग तेल. बाटलीत भरून तू कुणाला दिलं नाहीस. आपल्याच हातानं लावायचं आणि त्याआधी पळीतला एक थेंब स्वतःच्या डाव्या मनगटावर टाकून बघायचा, हा तुझा नेम. मला मेलीला त्या वासाची लाज वाटायची. शाळेत पोरी माझ्याशेजारी बसत नसत.

माझं लग्न ठरलं त्याच आठवड्यात मानेवर नायटा उठला. तू घाईनं पळी तापवलीस. मी वेणी पुढं घेऊन चुलीपाशी बसलेय. तू मनगटावर थेंब टाकतेस, बरोबर तिथं उठलेल्या फिकट चट्ट्यावर, आणि तुझा चेहरा जरासुद्धा हलत नाही. मग तेल माझ्या मानेवर पडतं आणि डोळ्यांत पाणी येतं.

"पोळलं काय गं?" तू विचारलंस.

"न्हाई," मी म्हटलं.

"मंग बरं. माझ्या हाताला तर गारच लागतंय."

शाळेत एकदा डॉक्टर सांगून गेले होते, चटका न कळणारा चट्टा दिसला तर लगेच मिरजेच्या दवाखान्यात जा. मला सगळं कळलं होतं, आये. पण बोलले असते तर लग्न मोडलं असतं. दोन वर्षांनी तुझी बोटं वाकडी झाली, तेव्हा तुला मिरजेला नेलं. महारोग निघाला. आधी यायला हवं होतं, म्हणाले. तिथंही तेलच द्यायचे, सुईतून, दुसऱ्या कुठल्या झाडाचं. "करंज न्हवं व्हय?" म्हणून तू हिरमुसलीस. पुढं रानातल्या खोपीत तू एकटीच राहिलीस. तुझ्याकडून तेल लावून घेतलेल्यांतलं कुणी तिकडं फिरकलं नाही. मीसुद्धा सासरच्या धाकानं दाराबाहेर उभी राहूनच बोलायचे. तू "आत ये" असं एकदाही म्हणाली नाहीस.

आज थेंब माझ्या मनगटावर टाकला. चटका बसला, जरा बरं वाटलं, आणि मग रडूच फुटलं. हा कागद कुठं पाठवणार? चुलीत घालायचं मन होत नाही, म्हणून घडी करून तेलाच्या बाटलीखाली ठेवतेय. मानेवर वण अजून हाय, आये. त्या दिवशी पोळलं होतं. लय पोळलं होतं.